नैऋत्येचं तळं

ये गं पोरी, इकडे ये, अशी माझ्याजवळ बस. काल दारातूनच "काकू, मंडळाच्या स्मरणिकेसाठी अध्यक्षकाकांवर दोनशे शब्द लिहून द्या, छान छान" म्हणालीस आणि निघालीस. गाडीसुद्धा बंद केली नव्हतीस. चहा नाही, पाणी नाही. असं येतात का कुणाकडे? आणि दोनशे शब्द! अगं, त्या माणसावरचा माझा नुसता राग मांडायचा तर त्याचा एक कोपरासुद्धा दोनशे शब्दांत मावायचा नाही. तेव्हा सगळं लिहून देतेय, माझ्याजवळ बसल्यासारखं वाच, आणि मध्येच "हो काकू, हो काकू" करून पान उलटू नकोस.

स्मरणिकेचं पहिलं पान टेबलावर ठेवून गेलीस ते मी वाचलं. "कौंटीच्या अडवणुकीमुळे हॉलचं काम रखडलं. तेव्हा अध्यक्षांनी नैऋत्येचा दोष स्वतःच्या शिरावर घेतला आणि वास्तूसाठी देह ठेवला." कुणी लिहिलं हे? तू नसशील, तू तेव्हा इथे नव्हतीस. ज्याने लिहिलं तो होता आणि त्याला सगळं ठाऊक आहे. वाचून मी कप एवढा आपटला की चहा बशीत आला. गृहस्थ गेल्या हिवाळ्यात गेले. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी जिवंतपणी तोंडावर बोलले होते, त्यामुळे मला तो नियम लागू नाही.

आधी माणूस सांगते, म्हणजे तुला राग कळेल.

न्यू जर्सीत औषधांच्या कारखान्यात सगळी नोकरी करून, निवृत्त होऊन हे गृहस्थ इकडे दक्षिणेत, आपल्या मॉरिसव्हिलला आले. म्हणे थंडी सोसत नाही. बाराही महिने स्वेटशर्ट आणि त्यावर खादीचं जाकीट. गाडीच्या किल्लीला होकायंत्र लटकवलेलं. गाडीच्या डिकीत नारळ, हळदकुंकू, पळी-पंचपात्र आणि एक छोटी कुदळ कायम. कुणी नवीन घर घेतलं की बोलावण्याची वाट न बघता हजर. पायरीवर नारळ फोडणार, मग होकायंत्र हातावर धरून सगळ्या खोल्या फिरणार आणि शेवटी तोंड वाकडं करून म्हणणार, "घर चांगलं आहे हो, पण दिशेशी वैर नको."

हे त्यांचं पालुपद. दिशेशी वैर नको. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले, तर पुरणपोळी बाजूला ठेवून माझा फ्रीज फिरवायला उठले. मुलगा बिचारा भिडेपोटी एका बाजूने धरू लागला. फ्रीज योग्य दिशेला गेला, पण त्याची वायर भिंतीतल्या प्लगपर्यंत पोचेना. जेवणाच्या गप्पांत कुणाच्या लक्षात आलं नाही. सकाळी दूध नासलेलं आणि सुनेने घरी बनवलेलं आइस्क्रीम जमिनीवर. फोन करून सांगितलं तर म्हणतात कसे, "वहिनी, दूध गेलं, पण पीडा गेली."

राहुकाळात गाडी चालू करत नसत. एकदा माझ्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर तपासणीला न्यायला आले आणि आमच्याच दारात गाडीत बसून राहिले. मी आत बसलेय, डोळ्यावर पट्टी, आणि हे घड्याळाकडे बघतायत. "अहो, डॉक्टर थांबेल का राहूसाठी?" म्हटलं. "डॉक्टर थांबतो हो वहिनी, राहू थांबत नाही." उशीर झाला, तिथल्या नर्सने बोलून घेतलं, तर तिलाच म्हणाले, तुझी खुर्ची दक्षिणेला तोंड करून आहे, म्हणून तुझी चिडचिड होते.

पण न्यायला आले, हे खरं. मुलगा-सून ऑफिसात असायची, तेव्हा महिनाभर हाच माणूस मला आणत-नेत होता. युनिव्हर्सिटीत नवीन शिकायला आलेली पोरं विमानतळावर उतरली की यांची गाडी उभी, आणि गाडीत डब्यात गरम खिचडी. आज मंडळात जी कॉम्प्युटरवाली पोरं कमिटीवर आहेत ना, त्यातल्या निम्म्यांनी अमेरिकेतला पहिला घास यांच्या डब्यातला खाल्लाय. म्हणून तर सगळ्यांची तोंडं शिवलेली. मी ती खिचडी खाल्ली नव्हती, म्हणून मला बोलता आलं.

आता तळ्याचं ऐक.

आमच्या कॉलनीच्या मागे पाइनची झाडं संपतात तिथे मिस डॉरिसचं जुनं घर आहे. इकडे लग्न झालेल्या म्हाताऱ्या बाईलाही आदराने मिसच म्हणतात. मी फिरायला जायची, ती पोर्चवर बसलेली असायची. तिचं इंग्रजी निम्मं मला कळत नाही, माझं तिला अजिबात कळत नाही, पण आमचं छान जमलं. तिच्या घराखाली तळं आहे. तिच्या नवऱ्याने तरुणपणी स्वतः खणलेलं. त्यात मासे सोडलेले, काठाला लाकडी धक्का, धक्क्यावर नवऱ्याची खुर्ची. नवरा गेला तरी खुर्ची ती हलवत नाही. रोज सकाळी पावाचे तुकडे टाकायची आणि मासे वर आले की त्यांच्याशी बोलायची.

त्या काळात आपल्या मंडळाला गणपती विसर्जनाला जागा नव्हती. सरकारी तलावात सोडू देत नाहीत. मी मिस डॉरिसला विचारलं, खाणाखुणा करून. मातीचा देव, रंग नाही, विरघळून जातो. तिने बराच विचार केला आणि म्हणाली, "हनी, देवाला नाही कसं म्हणू? पण मासे घाबरतील असा ढोल वाजवू नका." त्या वर्षीपासून आपला गणपती तिच्या तळ्यात. पोरं ढोल तिच्या गेटाबाहेर ठेवून यायची. ती आरतीला उभी राहायची, हातात मोदक घेऊन, कसा खायचा कळत नसल्यामुळे.

मग मंडळाने हॉलसाठी जमीन घेतली ती नेमकी मिस डॉरिसच्या वरची, उताराची. अध्यक्ष तेव्हा पुण्याला गेले होते. ते नसताना पोरांनी व्यवहार उरकला. परत आल्यावर ते मोठ्या हौसेने जागेवर गेले, होकायंत्र काढलं आणि तिथल्या एका ओंडक्यावर मटकन बसले. ईशान्य उंच, नैऋत्य खोल. त्यांच्या शास्त्राप्रमाणे नेमकं उलटं. "अरे गाढवांनो," म्हणाले, "उताणी जमीन विकत घेतलीत!"

तरी इथवर ठीक होतं. खरा तमाशा परमिटच्या वेळी झाला.

तुला माहीत नसेल तर सांगते, मी यात आता पक्की झालेय. इथे बांधकामाला झाडं काढायची तर आधी कौंटीला, म्हणजे आपल्या जिल्हा कचेरीसारख्या ऑफिसला, नकाशा द्यावा लागतो, की पावसात तुमची माती वाहून शेजाऱ्याकडे जाऊ नये म्हणून तुम्ही काय करणार. आपली इथली लाल चिकणमाती, उघडी पडली की एका पावसात धावत सुटते. म्हणून आधी खालच्या अंगाला काळ्या कापडाचं बुटकं कुंपण घालायचं आणि सगळ्यात खोल कोपऱ्यात गाळाचा खड्डा खणायचा. गढूळ पाणी त्यात थांबतं, गाळ खाली बसतो, वरचं निवळ पाणी पुढे जातं. आपण गावाकडे गढूळ पाणी हंड्यात तुरटी फिरवून ठेवत होतो ना, तसंच. हे सगळं झालं की इन्स्पेक्टर येऊन बघणार, हो म्हणणार, मगच झाडाला हात. यात न कळण्यासारखं काय आहे? मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, मला कळलं.

इंजिनिअरने खड्डा नैऋत्य कोपऱ्यात काढला. साहजिक आहे, पाणी तिकडेच जातं. अध्यक्षांनी नकाशा बघितला आणि पांढरे पडले. नैऋत्येला खड्डा म्हणजे घरातला कर्ता पुरुष जातो, असं त्यांचं शास्त्र. पाणी हवं तर ईशान्येला. इंजिनिअरला म्हणाले, खड्डा वरच्या कोपऱ्यात हलवा. तो म्हणाला, सर, पाणी वर चढत नाही. "काढून तर बघा." त्याने नाही म्हटलं. कौंटीने नैऋत्येचाच नकाशा मंजूर केला, परमिट आलं. मीटिंगमध्ये पेढे वाटले. आम्हाला वाटलं, मिटलं.

कसलं मिटतंय! खोदकामवाल्याला घेऊन हे गृहस्थ जागेवर गेले आणि उंच कोपऱ्यात, ईशान्येला, टेकाडावर खड्डा खणून घेतला. मोठा, छान, चौकोनी.

इन्स्पेक्टर तपासायला आली तेव्हा मी तिथेच होते, कारण भूमिपूजनाची रांगोळी कुठे काढायची ते बघायला मला बोलावलं होतं. उंच, मध्यमवयीन काळी बाई, गुडघ्यापर्यंत बूट, तोंडात च्युइंगगम. तिने खड्डा बघितला, उतार बघितला, परत खड्डा बघितला. "सर, हे काय आहे? पोहायचा तलाव?"

"नो मॅडम. सेडिमेंट बेसिन." म्हणजे तोच गाळाचा खड्डा.

"इथे पाणी कसं येईल?"

"मॅडम, इन इंडिया, थाउजंड्स ऑफ इयर्स..." करून त्यांनी तिला पंचमहाभूतं समजावली. ती शांतपणे ऐकत होती हो, तोंडातलं च्युइंगगमसुद्धा थांबलं. सगळं झाल्यावर म्हणाली, "सर, तुमच्या देवांबद्दल मला आदर आहे. पण खड्डा खालच्या कोपऱ्यात. तो मी सोमवारी येऊन बघीन. तोवर एकही झाड पाडायचं नाही."

यावर या माणसाने काय करावं? डिकीतून शाल आणि नारळ काढला आणि शाल तिच्या खांद्यावर घालायला गेले! सत्कार! ती दोन पावलं मागे सरली. "सर, मला भेट घेता येत नाही. नोकरी जाईल माझी." मग यांनी नारळ तिच्या ट्रकच्या बॉनेटवर ठेवला. तिने तो उचलून मुकाट्याने माझ्या हातात दिला आणि निघून गेली. मला लाजेने धरणी ठाव देईना. मी म्हटलं, "अहो, तुम्ही तिला लाच देताय असं वाटलं तिला." तर म्हणतात, "छे, लाच कशी? शाल-श्रीफळ आहे."

सोमवारी येते म्हणाली होती. शनिवारी मुहूर्त होता. खालचा खड्डा खणला नव्हता, आणि यांनी मशीन बोलावलं. "भूमिपूजन म्हणजे शुभारंभ, शुभारंभ म्हणजे काम सुरू व्हायला पाहिजे. ती बाई सोमवारी आली की मी पटवतो तिला. होतं हो वहिनी." आम्ही बायका रांगोळी काढतोय, भटजी मंत्र म्हणतोय, आणि मागे धाड धाड पाइन पडतायत. संध्याकाळपर्यंत टेकडी सोलून काढली. पोरं फोटो काढत होती.

रविवारी दुपारी पाऊस आला. कसला पाऊस! इथे उन्हाळ्यात येतो तसा, आभाळ एकदम उपडं होतं. तासाभरात थांबला. मी छत्री घेऊन सरळ मिस डॉरिसकडे गेले, मला राहवेना. काळ्या कापडाचं कुंपण आडवं झालेलं, वरून लाल माती ओघळत नव्हती गं, अक्षरशः लोंढ्याने येत होती. टेकाडावरचा तो चौकोनी खड्डा, त्यात थेंबभर पाणी, स्वच्छ. आणि खाली तळं सगळं लाल. धक्क्याचे पाय दिसत नव्हते. मासे काठाला येऊन तोंडं उघडत होते. मिस डॉरिस पावसात भिजलेली, नवऱ्याच्या खुर्चीची पाठ धरून उभी. मला बघून म्हणाली, "हनी, तुमच्या लोकांनी केलं का हे?"

आमच्या लोकांनी. काय सांगू मी तिला?

सोमवारी इन्स्पेक्टरने काम बंद केल्याची पाटी खुंटीला ठोकली. अध्यक्ष तिथेच होते. मी गेले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "आधी खाली चला. त्या बाईचं तळं बघा आणि तिची माफी मागा."

तर म्हणाले, "वहिनी, मातीच तर आहे. आपण दरवर्षी मातीचाच गणपती सोडतो ना तिच्या तळ्यात? तेव्हा नाही मेले मासे?"

पोरी, माझ्या हातात छत्री होती. ती मी त्यांच्या डोक्यात घातली नाही, याचं मला अजून नवल वाटतं. म्हटलं, "जन्मभर दिशेशी वैर नको म्हणालात आणि उताराशी वैर धरलंत. उतार कुणाचा नातेवाईक नसतो. आणि ज्या बाईने आपला देव घेतला तिच्या घरात आपण चिखल टाकला. तुमचं शास्त्र याला काय म्हणतं?"

त्यांनी पाठ फिरवली आणि पाटी वाचायला लागले. कमिटीतली पोरं माझ्याभोवती. "काकू, कूल डाउन." "काकू, सॉरी म्हणू नका तिला, सॉरी म्हटलं की लायबिलिटी येते, भरपाई द्यावी लागते." "आणि प्लीज ईमेलवर काही लिहू नका यार, लीगल होईल." मी म्हटलं, "बाळांनो, मला ईमेल येत नाही. मी तोंडानेच बोलणार."

आता तुझ्या स्मरणिकेतला तो दोष शिरावर घेण्याचा प्रसंग. झाला, अगदी खरा झाला. कौंटीने सांगितलं, नैऋत्येला खड्डा खणल्याशिवाय पुढे काही नाही. तेव्हा गृहस्थ धोतर नेसून, त्यावर तेच जाकीट घालून, त्या खोल कोपऱ्यात पाटावर बसले. हातात पाणी घेऊन संकल्प सोडला, की या वास्तूचा कर्ता मी एकटा, खड्ड्याचा जो दोष असेल तो मला लागो, या पोरांना नको. त्यांचा विश्वास होता गं, खोटं नव्हतं ते. आपण मरणार असं मानून तो माणूस बसला होता. भटजी झालेला कमिटीतला सॉफ्टवेअरवाला पोरगा हुंदके देत होता. मीही पदर डोळ्याला लावला.

आणि तेवढ्यात मला झाडांच्या फटीतून खाली मिस डॉरिस दिसली. जाळीने मेलेले मासे काढून बादलीत टाकत होती. एकटी. या वयात, वाकून वाकून. इकडे सगळे रडतायत, तिकडे कुणाचं लक्ष नाही. मी मोठ्याने म्हटलं, "अहो, दोष शिरावर घ्यायचा असेल तर तो तिथे खाली आहे, बादलीत. तो उचला जाऊन."

संकल्पात विघ्न आणलं म्हणून अजून काही बायका माझ्याशी बोलत नाहीत. नका बोलू.

पण गेले ते. दोन दिवसांनी मला म्हणाले, "वहिनी, चला, तुम्ही बरोबर या." गेलो. पोर्चवर बसल्यावर यांनी पिशवीतून शाल आणि नारळ काढला. तीच शाल! इन्स्पेक्टरने नाकारलेली, कोपऱ्याला दुकानाची चिठ्ठी तशीच. मिस डॉरिसने घेतली, थँक्यू म्हणाली आणि वाट बघू लागली. मीही वाट बघतेय, आता म्हणतील, आता म्हणतील. यांनी होकायंत्र काढलं आणि तिला वास्तुशास्त्र सांगायला लागले. तुमची पत्रपेटी चुकीच्या दिशेला आहे. स्वयंपाकघर बरं आहे. मग तळ्याकडे होकायंत्र धरलं आणि थबकले. तळं तिच्या घराच्या नैऋत्येला होतं.

"हे कुणी खणलं?"

"माझ्या नवऱ्याने. लग्न झालं त्या वर्षी."

"आणि ते... लवकर गेले?"

"नाही हो. नव्वदीला टेकले होते. त्या सकाळीसुद्धा मासे धरून आले होते."

गृहस्थांनी होकायंत्र मुठीत मिटलं आणि उठले. गाडी चालू करायच्या आधी ते परत एकदा तळ्याकडे धरून बघितलं. आमच्या दारात मला सोडताना म्हणाले, "अमेरिकन माणसाला लागू होत नसेल, वहिनी." आणि सॉरी? तो एक शब्द पोर्चवर नाही, नंतर नाही, कधीच नाही. दुसऱ्या दिवशी मिस डॉरिसने मला विचारलं, "तो माणूस कशाला आला होता?" नारळ कठड्यावर ठेवला होता तिने, फोडायचा कसा ते माहीत नव्हतं. मी फोडून दिला.

ते गेले तेव्हा मी रडले. खिचडीचे डबे आठवून रडले, डोळ्याच्या डॉक्टरकडच्या फेऱ्या आठवून रडले. पण ते नैऋत्येच्या खड्ड्याने गेले नाहीत. साखर वाढलेली असताना डॉक्टरने बंद केलेली जिलेबी ते प्रत्येक वास्तुशांतीला खात होते, त्याने गेले. आणि कौंटीने कुणाला अडवलं नाही. त्या बुटातल्या बाईचं पहिल्या दिवशी ऐकलं असतं तर ते मासे आज जिवंत असते. हे खोडून टाक आधी. एवढा चांगला माणूस, पण त्याला देव करायचा म्हणून तुम्ही मिस डॉरिसला पुसून टाकताय, त्याचा मला राग येतो. त्यांच्यावर नव्हे, आता तुमच्यावर.

तळं साफ करून देऊ असं कमिटीने कबूल केलं होतं. एकदा एक ट्रक आला, थोडा गाळ काढला आणि गेला. विचारलं की सांगतात, "काकू, तळं फेज टूमध्ये आहे." हॉलचा रंग फेज वन, साउंड सिस्टिम फेज वन, तळं फेज टू. आणि गंमत बघ, आपल्या हॉलच्या नैऋत्येला तो गाळाचा खड्डा अजून आहे. पाणी कसं नितळ! बेडूक आलेत त्यात. तुमची मुलं त्याला पाँड म्हणतात. खाली मिस डॉरिसच्या तळ्यात गुडघाभर पाणी आणि त्याखाली आपली माती.

म्हणून यंदा गणपती कुठे बुडवला? तू होतीस ना? पार्किंग लॉटमध्ये निळ्या प्लास्टिकच्या टबात. गजर केलात, फोटो काढलेत. मी बाजूला उभी होते.

स्मरणिकेत छापायचं तर हे छाप, सगळं. दोनशे शब्दांत बसत नसेल तर माझं नाव कापलंस तरी चालेल, तिचं कापू नकोस. आणि उद्घाटनाच्या आधी एकदा ये, गाडी बंद करून ये, जुने बूट घालून ये. आपण दोघी खाली जाऊ. पोर्चवर दोनच खुर्च्या आहेत, तिसरी मी घरून आणते. त्या कमिटीतल्या एखाद्यालाही आण कान धरून. सॉरी म्हणायला त्याला तिथे कुणी ईमेल मागणार नाही.

पुढच्या वर्षी लवकर या, असं ओरडलात ना त्या टबासमोर? तो येईलही बिचारा, पण आला तर त्याला परत पोचवायचा कुठे? त्याचं नंतर बघू. तू तरी लवकर ये.